पंथ ओळखायचा तर पंगत बघा

खानदेशात मुलाचं स्थळ सुचवणारा मध्यस्थ एक गोष्ट आवर्जून सांगतो: "पोऱ्या माळकरी शे." एवढ्यावर मुलीचा बाप निम्मा निवांत होतो. मुलगा दारूला शिवत नाही, मटण खात नाही, एकादशी धरतो, चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत आहे, हे सगळं त्या तीन शब्दांत येतं. पण मध्यस्थ बोलण्याची सुरुवात माळेपासून कधीच करत नाही. आधी जात, मग पोटजात, मग कूळ, मग शेत किती आणि त्यातलं बागायत किती, आणि त्यानंतर माळ. धर्मसंस्थांची वर्गवारी कशी करावी यावर जर्मनी-अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं ग्रंथ लिहिले गेले. आपल्या विद्यापीठांत ते शिकवलेही जातात. मध्यस्थाचा हा क्रम त्या ग्रंथांपुढे ठेवला तर त्यांची अर्धी मांडणी कोसळते. उरलेली अर्धी आपल्याला झोंबते.

नरडाण्याला बसून हा विचार करायला बरं पडतं. शिंदखेडा तालुक्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं हे गाव. औद्योगिक वसाहतीमुळे बाहेरची माणसं आलेली, आणि बोरविहीरहून येणाऱ्या नव्या रेल्वेमार्गामुळे आणखी येतील. इथून रुळावर पूर्वेला बेटावद, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ. पश्चिमेला शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. या एका मार्गाच्या दोन्ही अंगांना वारकरी, महानुभाव, स्वामीनारायण, सतपंथ, कबीरपंथ, स्वाध्याय, दिंडोरीची स्वामी समर्थ केंद्रं, बोहरा जमात, मिशनची देवळं आणि आदिवासींचा आप धर्म असं सगळं नांदतं. वर्गवारीच्या कुठल्याही सिद्धांताला यापेक्षा कठीण परीक्षा मिळणार नाही.

मूळ सिद्धांत आधी समजून घेऊ. मॅक्स वेबर १९०४ साली अमेरिकेत फिरत होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या माउंट एअरी गावाजवळ त्यांचे नातलग राहत. तिथं थंडगार पाण्यात बाप्टिस्टांचा बाप्तिस्मा चालला होता. एक तरुण पाण्यात उतरला तेव्हा वेबर यांच्या नातलगानं खुलासा केला की याला बँक काढायची आहे, म्हणून तो बाप्तिस्मा घेतो आहे. बाप्टिस्ट मंडळी कुणालाही आत घेण्याआधी त्याच्या आजवरच्या वागणुकीची कसून चौकशी करतात. त्यांनी घेतला म्हणजे माणूस सचोटीचा, हे अख्ख्या इलाख्याला कळतं आणि ठेवीदार येतात. यावरून वेबर यांनी भेद सांगितला तो असा: चर्चमध्ये माणूस जन्मतो, पंथ मात्र माणसाला पारखून घेतो. एर्न्स्ट ट्रोल्च यांनी १९१२ साली तो भेद ख्रिस्ती इतिहासावर सविस्तर मांडला आणि गूढवाद्यांचा तिसरा वर्ग जोडला. पुढे हॉवर्ड बेकर यांनी १९३२ साली त्याच्या चार पायऱ्या केल्या. राज्यासकट सगळा समाज कवेत घेणारी धर्मसंस्था, बंडखोर पंथ, बंड निवल्यावरचा स्थिरावलेला संप्रदाय, आणि एखाद्या गुरूभोवती सैलपणे जमलेला गोतावळा.

आता माळकऱ्याला या मापात बसवून बघा. माळ जन्मानं मिळत नाही, ती घालून घ्यावी लागते. घातल्यावर मांस-दारू सुटते, वारी लागते, आणि नियम मोडला तर गाव बोट दाखवतं. म्हणजे वेबर यांच्या हिशेबानं हा शुद्ध पंथ. वारकऱ्यांना पोप नाही, मुख्य कार्यालय नाही. फड आहेत, दिंड्या आहेत, दिंडीचा क्रम ठरलेला आहे, आणि मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताईची पालखी महिनाभर चालून पंढरीला पोचते. पत त्या बाप्टिस्टासारखीच: माळकऱ्याला दुकानदार उधार देतो. इथवर सिद्धांत लागू पडतो.

मग पंगत बसते आणि सिद्धांत अडखळतो. इरावती कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र अभंग म्हणत, आणि मुक्कामावर त्यांच्या चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. कर्वे समाजशास्त्राच्या विदुषी होत्या, पण ते पाहताना त्यांना झालेलं दुःख त्यांनी लपवलं नाही. मला हा लेख ट्रोल्च यांच्या जाडजूड ग्रंथाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आपल्याकडची खरी कसोटी सापडते. कोण आत येतो, हा प्रश्न आपल्याकडे पुरेसा नाही. आत आलेला कुणाशेजारी जेवतो, कुणाच्या घरी मुलगी देतो आणि गादीवर कोण बसतो, हे विचारल्याशिवाय इथली एकही धर्मसंस्था ओळखता येत नाही. आज अनेक दिंड्यांत पंगत एक झाली आहे. हे मोठं काम झालं, आणि ते वारकऱ्यांनीच केलं. लग्नाचा प्रश्न मात्र मध्यस्थाच्या यादीत जिथं होता तिथंच आहे.

अमळनेरला हे अधिकच जाणवतं. प्रतापशेठांनी १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर उभारलं आणि त्यात अद्वैताचा अभ्यास होत असे. त्याच गावात बोरी नदीच्या काठी सखाराम महाराजांचं संस्थान आणि वैशाखातली मोठी यात्रा. साने गुरुजी याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला आले, मग प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. अद्वैत शिकलेल्या या माणसानं १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून. जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठानं. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, दार उघडलं. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने उरले होते, आणि चोखामेळ्याची समाधी कित्येक शतकं त्याच दाराबाहेर होती. ज्या परंपरेनं चोखोबांचे अभंग जपले तिच्याच सर्वांत मोठ्या देवळात चोखोबांच्या लेकरांना मज्जाव होता. हा विरोधाभास चर्च आणि पंथ या जोडीत कुठं बसवणार?

अमेरिकेतल्या रिचर्ड नीबर यांनी १९२९ साली दोन गोष्टी लिहिल्या. पहिली सगळे सांगतात: बंडखोर पंथ एका पिढीपुरताच बंडखोर राहतो, कारण पुढची पिढी त्यात निवडीनं येत नाही, जन्मानं येते. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते आणि ती आपल्या कामाची आहे. अमेरिकेतल्या ख्रिस्ती संप्रदायांतले भेद श्रद्धेतून आले नसून वर्ग, वंश आणि प्रांत यांतून आले आहेत, असं नीबर यांनी म्हटलं, आणि तिथं त्यांनी जातीचा शब्दही वापरला. गोऱ्यांचं चर्च वेगळं, काळ्यांचं वेगळं, गरिबांचं वेगळं. स्वतः पाद्री असलेल्या माणसानं आपल्या माणसांना हे तोंडावर सांगितलं. असं सांगणारा कीर्तनकार दर गावाला एक तरी हवा.

नीबर यांची पहिली गोष्ट नवापुराकडे अगदी तंतोतंत लागू पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. आधी एकेक माणूस घर सोडून, भाऊबंदांचा रोष पत्करून ख्रिस्ती झाला. आज त्याची पणतवंडं जन्मानं ख्रिस्ती आहेत. महानुभावांचंही तसंच. तेराव्या शतकात चक्रधरांनी स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचं दार उघडलं, विटाळ-चांडाळ मानला नाही. पुढे या पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले. त्यातली सकळ लिपी उकलली ती वि. का. राजवाडे यांनी, ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. आज महानुभावांतले भिक्षू निवडीनं होतात, गृहस्थ वासनिक मात्र बहुधा जन्मानं. एकाच पंथात वेबर यांचे दोन्ही वर्ग शेजारी शेजारी.

सावदा, फैजपूर, भुसावळ या पट्ट्यात लेवा पाटीदारांमध्ये स्वामीनारायण संप्रदाय जुना आहे, वडतालच्या गादीचा. सहजानंद स्वामींनी १८२६ साली दोन पुतणे दत्तक घेऊन अहमदाबाद आणि वडताल अशा दोन गाद्या केल्या, आणि आचार्यपद त्या घराण्यांत वंशपरंपरेनं चालतं. उपासना कशी करावी आणि गुरुपरंपरा कशी चालावी, या वादातून बोचासणची शाखा १९०७ साली वेगळी झाली. पण या संप्रदायाची मोठी गोष्ट कोर्टातली आहे, आणि ती प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असायला हवी.

मुंबई सरकारनं १९४७ साली हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. जानेवारी १९४८ मध्ये अहमदाबाद गादीच्या सत्संगींनी, म्हणजे अनुयायांनी, दावा लावला. म्हणणं असं की स्वामीनारायण हा वेगळा धर्म आहे, तो हिंदू धर्माचा भाग नाही, म्हणून हा कायदा आमच्या देवळांना लागू होत नाही, आणि सत्संगी नसलेल्या हरिजनांना आम्ही आत घेणार नाही. प्रतिवादी होते मुलदास भूदरदास वैश्य, दलितांच्या संघटनेचे अध्यक्ष. खटला अठरा वर्षं चालला. १४ जानेवारी १९६६ ला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर या साताऱ्याच्या माणसानं निकाल दिला. हिंदू कोण, याची लोकमान्य टिळकांनी केलेली, वेदांना प्रमाण मानण्यापासून सुरू होणारी व्याख्या त्यांनी आधाराला घेतली, संप्रदाय हिंदूच ठरवला आणि दावा फेटाळला. सत्संगींची भीती अंधश्रद्धा आणि अज्ञान यांवर उभी आहे, आणि खुद्द स्वामीनारायणांची शिकवणही त्यांना नीट उमगलेली नाही, असं गजेंद्रगडकरांनी स्पष्ट नोंदवलं.

एका माणसाला देवळाबाहेर ठेवण्यासाठी हे सत्संगी स्वधर्म सोडायला तयार झाले, याचा विचार करा. वर्गवारी हा ग्रंथालयातला खेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल वाचावा. पंथ की धर्म, या प्रश्नाच्या उत्तरावर मुलदास वैश्य यांचा देवळात जाण्याचा हक्क टांगलेला होता. टिळकांची व्याख्या मला सैल वाटते, वेद न मानणाऱ्यांना ती कुठं ठेवते हा प्रश्न राहतोच, पण त्या दिवशी तिनं दार उघडलं आणि त्यासाठी मी तिचा ऋणी आहे.

राज्यघटनेच्या २६व्या अनुच्छेदानं धर्मसंप्रदायाला स्वतःचा कारभार पाहण्याचा हक्क दिला. संप्रदाय कशाला म्हणायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात ठरवलं: सामाईक श्रद्धा, सामाईक संघटना आणि वेगळं नाव. व्याख्या इंग्रजी शब्दकोशातून घेतली होती, म्हणजे ख्रिस्ती मापानंच. या मापात पंगतीचा प्रश्न नाही, लग्नाचा नाही. बाहेर काढलेल्या माणसाचं काय होतं, हाही नाही.

तो प्रश्न बोहरा जमातीच्या खटल्यात आला. मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती. धर्मगुरू सय्यदना यांनी तिला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला; बहिष्काराचा अधिकार संप्रदायाच्या कारभाराचा भाग मानला गेला. वेबर यांचा बाप्टिस्ट हाकलला गेला तर शेजारच्या गावी दुसऱ्या चर्चमध्ये जाई. बोहरा माणूस जन्मानं बोहरा असतो. त्याला काढलं तर सोयरे तुटतात, धंदा तुटतो, कबरस्तानात जागा मिळत नाही. जन्मानं मिळालेलं सदस्यत्व आणि मर्जीनं होणारी हकालपट्टी, या दोन्हींचा भार एकाच माणसावर. जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या हिंदूची अवस्था यापेक्षा वेगळी नसते. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो याच अनुभवातून. बोहरांचा प्रश्न २०२३ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. १९४९ पासून मोजा.

फैजपूरला सतपंथाचं मंदिर आहे. या पंथाचं मूळ अहमदाबादजवळच्या पिराण्याला, पंधराव्या शतकातल्या इमामशाहांकडे जातं, आणि उपासना विष्णूच्या दहाव्या अवताराची, निष्कलंकी नारायणाची. शेकडो वर्षं शेतकरी कुटुंबं ही उपासना करत राहिली आणि हिंदू की मुसलमान हे त्यांना कुणी दरडावून विचारलं नाही. जनगणना आली आणि विचारलं. १९११ साली मुंबई इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्यांनी गुजरातेतल्या अशा लोकांसाठी 'हिंदू-मुसलमान' असा जोडरकाना केला होता. तो टिकला नाही. माणसांनी मग एकेक बाजू निवडली, किंवा ती त्यांच्यासाठी निवडली गेली.

तळोद्याकडच्या आदिवासींना तर धड रकानाही मिळाला नाही. १९३७-३८ साली मोरवडच्या गुला महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा असं सांगत आप धर्म उभा केला. सोमवारच्या आरतीला हजारो लोक जमत. ते गेल्यावर भाऊ रामदास महाराजांनी तो पुढे नेला. इंग्रज सरकारला यात बंडाचा वास आला, सावकारांना तोट्याचा. गो. स. घुर्ये, मालवणचे, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाची धुरा दीर्घकाळ वाहणारे, यांनी १९४३ साली आदिवासींना 'मागासलेले हिंदू' असं नाव दिलं आणि तेच पाठ्यपुस्तकांत बसलं. ज्यांच्याबद्दल हे लिहिलं गेलं त्यांना विचारून नाव ठेवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. आता तरी ती पाडा.

नव्या संस्थांबद्दल थोडक्यात. पांडुरंगशास्त्री आठवले यांनी आपल्या स्वाध्यायाला कधी पंथ म्हटलं नाही, परिवार म्हटलं. योगेश्वर कृषीत गावानं फुकट श्रम करून पिकवावं आणि त्यावर देवाची मालकी असावी, ही कल्पना फार मोठी होती. त्यातून अनेक गावांत पहिल्यांदा वेगवेगळ्या जातींनी एका शेतात घाम गाळला. त्यांच्यानंतर धुरा मुलीकडे आली. गादी घरात राहण्याचा नियम इतका बळकट आहे की परिवारालाही तो चुकवता आला नाही. दिंडोरीच्या केंद्रावर माणूस अडचण घेऊन जातो, त्याला सेवा सांगितली जाते, आणि हळूहळू तो सेवेकरी होतो. स्टार्क आणि बेनब्रिज या अमेरिकनांनी अशा गोतावळ्यांचे तीन प्रकार सांगितले: नुसत्या श्रोत्यांचा, अडचण घेऊन येणाऱ्यांचा, आणि चळवळ झालेला. मोबाइलवर कीर्तन ऐकणारे लाखो लोक पहिल्या प्रकारात आहेत. त्यांना पंगत नाहीच, म्हणून त्यांची कसोटीही लागत नाही. याची मला काळजी वाटते. एकट्यानं कानात ऐकलेल्या अभंगात शेजारी कोण बसलंय हा प्रश्न येत नाही, आणि तो प्रश्न हाच तर वारीचा सगळ्यात मोठा गुण होता.

आणि या सर्वांहून बळकट धर्मसंस्था नरडाण्यात कुठली, असं विचाराल तर मी कानबाईकडे बोट दाखवीन. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिला विश्वस्त नाहीत, नोंदणी नाही, भटजीवाचून अडत नाही, प्रवचन नाही. सुरतेच्या कारखान्यातला, पुण्याच्या कंपनीतला, कल्याणच्या चाळीतला भाऊ एरवी फोन उचलत नाही, पण रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाला, येतो. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी होते. रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी विसर्जन. रोटांसाठी दळण काढतात ते घरातल्या पुरुषांच्या हिशेबानं, आणि रोट खातात ते भाऊबंदकीतलेच. देवी बाई, गाणी बायकांची, राबणं बायकांचं, मोजणी पुरुषांची. वेबर, ट्रोल्च, नीबर, बेकर यांच्यापैकी कुणाच्याही तक्त्यात या संस्थेला जागा नाही. मला ती मनापासून आवडते, तिच्यामुळे उजाड होत चाललेली घरं वर्षातून एक रात्र भरतात. म्हणूनच घरातल्या लेकीसुनांच्या नावानंही त्यात मूठभर गहू पडावेत असं मी म्हणतो. काही घरांनी सुरुवात केली तर बाकीचे आपसूक येतील, कारण कानबाईला कुणाची परवानगी लागत नाही.

नोंदणी झालेल्या संस्थांचं तसं नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात मंदिर, मठ, वक्फ, चर्च, अग्यारी, सिनेगॉग सगळे एका व्याख्येत आहेत, आणि धर्मादाय कार्यालयात नोंदलेल्या संस्थांच्या फायली एकाच छताखाली असतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. सगळे जण त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात, आणि देवस्थानांची खरी भांडणं त्यावरच होतात. विश्वस्तांची नावं त्यात असतात. समाजशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे की परदेशी तक्ता पाठ करण्याआधी एकदा आपल्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा, आपल्या गावातल्या धर्मसंस्थेच्या पहिल्या नोंदणीपासूनचे सगळे बदल अहवाल मागा, आणि त्यातली आडनावं क्रमानं लिहून काढा. मग बायकांची नावं मोजा.